सुभेदाराचं पथ्य

इंदूर, १६ सप्टेंबर १९५६

सौ. सुमतीवहिनींस,
बेबीचा सप्रेम नमस्कार.

काल सुखरूप पोचले. नलूची तब्येत चांगली आहे, चेहराही भरलाय. जावई म्हणून वीरेंद्रला नाव ठेवायला जागा नाही. त्याच्या मातोश्री, म्हणजे आमच्या विहीणबाई रमाबाई, यांची मात्र जरा धास्तीच वाटते. त्यांना मधुमेह आणि वर रक्तदाब. डॉक्टरांनी साखर तोडली, मीठही तोडलं. त्यामुळे जेवताना बाई आमच्या पानांकडे बघून उसासे टाकतात आणि आमचाही घास घशात अडकतो.

आता सुभेदाराबद्दल. त्याला सकाळी दूधभाकरी आणि दुपारी हाडाच्या पाण्यातला भात द्यायचा, संध्याकाळी फिरवून आणायचं. गोड काही द्यायचं नाही. तुमचा केक, नानकटाई, कोपऱ्यावरच्या इराण्याकडचं बटर-बिस्किट, काही म्हणजे काही नाही. तुम्हाला खाऊ घालायचा किती सोस आहे ते दादाच्या पोटाकडे पाहून कळतंच. दादा माणूस आहे, निभावतो. सुभेदार कुत्रा आहे.

हे जाऊन येत्या मार्गशीर्षात वर्ष होईल. गिरगावातल्या त्या दोन खोल्यांत त्यांच्यामागे त्यांचं म्हणून जिवंत एवढंच उरलंय. त्याला काही झालं तर वहिनी, मी तुम्हाला क्षमा करू शकणार नाही. हे थट्टेनं लिहीत नाही.

आपली,
बेबी


प्रभादेवी, २२ सप्टेंबर १९५६

ती. बेबीवन्सं यांस,
सुमतीचा सा. नमस्कार.

सुभेदार बरा आहे. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर नलूची चौकशी केलेली तुम्ही वाचायच्याच नाही.

तुमचा हुकूमनामा मी स्वयंपाकघरात देवाच्या तसबिरीशेजारी चिकटवलाय. येणारीजाणारी माणसं देवाला हात जोडतात ते चुकून त्यालाही जोडले जातात. सुभेदाराचा दिनक्रम अगदी बिनचूक चाललाय. संध्याकाळी हे त्याला सभांना घेऊन जातात. परवा शिवाजी पार्कवर लोकांनी ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ म्हणायचा अवकाश, यानं ‘झालाच पाहिजे’च्या जागी असा काही आवाज लावला की पुढच्या चार रांगा मागे वळून पाहायला लागल्या. गल्लीतली पोरं त्याला आता कार्यकर्ता म्हणतात.

रविवारी खाली-वर निखारे ठेवून रव्याचा केक केला होता. सुभेदार दारातच बसून होता, पण मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. निर्धास्त असा.

विहीणबाईंना माझा नमस्कार सांगा. पथ्याचं खाणं म्हणजे भरल्या घरातला उपास. मला त्यांची दया येते.

आपली,
सुमती

ता. क. बेबे, पत्र पेटीत टाकायला मी निघालोय, म्हणून घडीवर दोन ओळी. केक फर्मास झाला होता. मनुका भरपूर. सुभेदारानं दोन तुकडे खाल्ले आणि तिसऱ्यासाठी हात पुढे केला. – गुरुदत्तदादा


इंदूर, २८ सप्टेंबर १९५६

सौ. वहिनींस,
नमस्कार.

ढुंकूनही पाहिलं नाही म्हणे! मग न पाहताच दिलात वाटतं?

मला वाटलंच होतं. तुमच्या घरात पाहुणा म्हणून शिरलेला उंदीरसुद्धा दोन शेर वाढल्याशिवाय बाहेर पडत नाही. ‘एका तुकड्यानं काय होतंय’ असं तुम्ही म्हणणार, हेही मला ठाऊक आहे. ह्यांच्याशी माझं याच एका गोष्टीवरून भांडण व्हायचं. मी सणाला जिलबीचा तुकडा टाकायला गेले की हे माझा हात धरायचे. म्हणायचे, ‘त्याला नको म्हणता येत नाही, आपण म्हणायचं.’ तेव्हा मला राग यायचा. आता त्यांच्या जागी मी म्हणते आहे, तर तुम्ही ऐकत नाही.

दादाला सांगा, ताजा कलम लिहिल्याबद्दल आभारी आहे. घरात एक तरी खरं बोलणारं माणूस आहे.

बेबी


प्रभादेवी, ९ ऑक्टोबर १९५६

ती. बेबीवन्सं यांस,
सा. नमस्कार.

कुत्र्याला गोड चालत नाही असं कोणत्या पोथीत लिहिलंय? गाईला आपण पुरणपोळी देतो, कावळ्याला खीर ठेवतो, मुंग्यांनासुद्धा साखर घालतो. एकट्या कुत्र्यानंच काय घोडं मारलंय? आणि पाहुणा वाढतो हा माझा दोष झाला होय? सुकला असता तर तुम्ही गिरगावभर सांगत फिरला असता.

एवढं लिहून पत्र दोन दिवस तसंच ठेवलं होतं. आता पुढचं लिहिते.

सुभेदार सारखे कान खाजवायला लागला. मग व्हरांड्यात दोनदा ओकला आणि भाताकडे पाठ फिरवून बसला. आम्ही दोघं त्याला परळच्या जनावरांच्या इस्पितळात घेऊन गेलो. डॉक्टरांनी त्याचं पोट चाचपलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘घरात गोड कोण करतं?’ मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी माझ्याकडे. डॉक्टर म्हणाले, चिमूटभर साखरेनं कुत्रा मरत नाही, पण रोजच्या साखर-तुपानं त्याचं पोट बिघडतं, अंग सुटतं, दात जातात. मनुका, चॉकलेट आणि जायफळ यांना मात्र शिवू द्यायचं नाही, ते कुत्र्याला विषासारखं बाधू शकतं. केकात मनुका होत्या हे मीच त्यांना सांगितलं.

आता तो भात खातोय. औषध चालू आहे.

तुम्ही रागावणार, रागवा. पण मी का देत होते तेही ऐका. या घरात मी वीस वर्षं भाजते आहे. हे खातात ते वर्तमानपत्रात डोकं घालून. तुम्ही खाता ते नाक मुरडून. सुभेदार मात्र निखारे घातल्यापासून केक उतरेपर्यंत समोर बसून राहतो, डोळाही मिटत नाही. माझ्या हातच्या खाण्याची इतकी वाट कुणी पाहिली नव्हती, वन्सं. पोटी मूल असतं तर त्यानं पाहिली असती. म्हणून माझा हात सैल सुटला.

डॉक्टरांना विचारून मी त्याच्यासाठी वेगळी बिस्किटं ठरवली आहेत. कणीक, अंडं, नावाला तूप आणि वासापुरती सुक्या कोळंबीच्या सोड्यांची पूड. साखर नाही, मीठ नाही. दिवाळीच्या नानकटाईबरोबर तीही भट्टीवर भाजून आणेन, म्हणजे त्याचीही दिवाळी होईल.

सुमती


इंदूर, २१ ऑक्टोबर १९५६

सौ. वहिनींस,
नमस्कार.

नलूला मुलगी झाली. बाळबाळंतीण सुखरूप आहेत. नाक आमच्या घराण्याचं आहे, त्यामुळे विहीणबाई जरा गप्प आहेत.

तुमचं पत्र वाचून आधी रागावले, मग पुन्हा एकदा वाचलं. सुभेदाराच्या औषधात खंड पाडू नका. बिस्किटांचा विचार चांगला आहे. सोडे नीट धुऊन घ्या, त्यांत मीठ असतं.

एक काम आहे. बारशाला आणि दिवाळीला इथे माणसांची रीघ लागणार. विहीणबाईंचं म्हणणं, मुंबईची म्हणून नानकटाई लोकांपुढे ठेवायची. त्या स्वतः खाणार नाहीत, नुसता वास घेणार. वीरेंद्र कचेरीच्या कामासाठी तिकडे येतोय, सत्तावीसला परत निघेल. त्याच्याबरोबर एक मोठा डबा पाठवा. साखर जरा हात राखून घाला. तुमची नानकटाई गोडमिट्ट असते, हे मी कित्येक वर्षं सांगते आहे.

बेबी


प्रभादेवी, २९ ऑक्टोबर १९५६

चि. बेबीस,
गुरुदत्तदादाचे अनेक आशीर्वाद.

नातीच्या जन्माबद्दल अभिनंदन. हे पत्र मी लिहितोय याचं कारण तुझी वहिनी चार दिवस तापानं अंथरुणावर आहे. काळजी करू नकोस, आज ताप उतरतोय. दोन्ही प्रकारचं पीठ तिनं मळून, गोळे करून ठेवलं आणि मग आडवी झाली. पुढची सगळी मोहीम मी एकट्यानं पार पाडली.

सव्वीसला दोन्ही परातीत घेऊन भट्टीवर गेलो. दिवाळीमुळे तिथे ही गर्दी! सगळ्या प्रभादेवीची नानकटाई एकाच वेळी भाजायला आलेली. भट्टीवाल्यानं भाजून निघालेले दोन पत्रे माझ्यापुढे ठेवले आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. आता यातलं माणसांचं कोणतं आणि सुभेदाराचं कोणतं? दुसरा कुणी गांगरला असता. मी नीट निरीक्षण केलं. एका पत्र्यावरची कशी गोल, गुटगुटीत, एकसारखी होती. दुसऱ्यावरची पसरलेली, जागोजागी भेगा पडलेली. उघडच आहे, कुत्र्यासाठी कोण एवढी मेहनत घेणार! सुबक होती ती व्याह्यांच्या नव्या डब्यात भरली, भेगाळलेली सुभेदाराच्या पोचे आलेल्या डब्यात. वासावरून ओळखायचं म्हणशील तर तपकिरीमुळे माझं नाक केव्हाच निवृत्त झालंय. आणि नैवेद्य दाखवल्याशिवाय फराळाचं तोंडात टाकायची आपल्या घरी कुणाची छाती नाही. डबा फडक्यात शिवून वीरेंद्रच्या हवाली केला.

हिच्या आजारपणात सुभेदाराचं खाणंपिणं माझ्याकडेच आहे. तुझ्या वहिनीचं कौतुक करायला हवं. पथ्याची बिस्किटं असूनही तो त्यांच्यासाठी नुसता वेडा झालाय. एक दिलं की दुसऱ्यासाठी उडी. पथ्याचंच आहे म्हटल्यावर मीही हात आखडता घेत नाही.

तुझा दादा,
गुरुदत्त


इंदूर, १ नोव्हेंबर १९५६

सौ. वहिनींस,
सप्रेम नमस्कार.

आजपासून आमचं इंदूर मध्य प्रदेशात आणि तुमची मुंबई गुजरातसकट द्विभाषिक राज्यात. दादा जेवला नसेल. त्याला म्हणावं, उपाशी राहून राज्य मिळत नाही.

पण आज लिहायला बसले ते वेगळ्याच कारणानं. वहिनी, मला तुमची माफी मागायला हवी. नानकटाईचा डबा उघडला आणि सोड्यांचा वास आला. मी चपापले. विहीणबाई मात्र खुर्चीतून उठून आल्या. कोकण सोडून इंदुरात येऊन त्यांना तीस वर्षं झाली, पण मासळीचा वास अजून त्यांना लांबून ओळखू येतो. देवापुढे चकली ठेवा म्हणाल्या, हे बाजूला ठेवा. आणि नैवेद्य होताच त्यांनी एक तोंडात टाकलं. साखर नाही! मीठ नाही! माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘तुमच्या वहिनींनी माझं पथ्य लक्षात ठेवून केलं?’

मला काय ठाऊक? मी होच म्हटलं. पहिल्याच पत्रात मी त्यांच्या पथ्याचं लिहिलं होतं, ते तुम्ही ध्यानात ठेवलंत आणि मला पत्ताही लागू दिला नाहीत. मी खाल्लं, नलूनं खाल्लं. खुसखुशीत, हलकं. विहीणबाईंनी डबा आपल्या पलंगाखाली ठेवून घेतलाय. बारशाच्या लोकांना बाजारातली नानकटाई देणार आहेत.

वीस वर्षांत तुमच्या हातचं इतकं चांगलं काही मी खाल्लं नव्हतं. हे लिहायला मला एवढी वर्षं लागली. कृती कळवा.

तुमची,
बेबी


प्रभादेवी, २ नोव्हेंबर १९५६

ती. बेबीवन्सं यांस,
सा. नमस्कार.

आज लक्ष्मीपूजन. हे पत्र मला लिहायचं नव्हतं. सुभेदार आज सकाळपासून उभा राहतोय, पाणी पितोय, हे आधी वाचा. मग बाकीचं.

बुधवारी मी पहिल्यांदा अंथरुणातून उठले तेव्हा तो दाराशी थरथरत पडला होता. मागचे पाय उचलवत नव्हते. मी हाक मारली, तर त्यानं माझ्या आवाजाच्या उलट बाजूला मान वळवली. शेजारी त्याचा डबा उघडा होता. बिस्किटाला हात लावला, तर बोटांना तूप लागलं. पसरलेलं, भेगाळलेलं होतं. वन्सं, नानकटाईला तूप-साखर भरपूर असली की ती भट्टीत पसरते आणि फुटते. बिनसाखरेचं आहे तसंच राहतं. तुमच्या दादांना हे वीस वर्षांत कधी दिसलं नाही. नैवेद्य झाला नव्हता, तरी मी ती तोंडात टाकली. माझीच नानकटाई होती. जायफळ चांगलं सढळ हातानं घातलेलं.

टॅक्सी मिळेना. गल्लीतली पोरं सभेच्या तयारीत होती. त्यांनी हातगाडी आणली, घोषणा लिहिलेलं कापड अंथरलं, त्यावर आपल्या कार्यकर्त्याला निजवलं आणि परळपर्यंत गाडी ढकलत नेली. हे वाटभर ‘मीच भरवली, मीच भरवली’ म्हणत होते. ह्यांना मी असं रडताना कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतलं. जायफळाचा अंमल उतरायला वेळ लागतो म्हणाले, त्यात पोट आधीच नाजूक. पहिल्या दिवशी त्यांनी काही सांगायचंच नाकारलं. मी तिथल्या बाकावर बसून राहिले. अंगात ताप होता, पण घरी जाववेना. तुम्हाला काय तोंड दाखवू, एवढं एकच डोक्यात होतं. आज घरी आणलाय. पेज चाटतो, शेपूट अजून हलवत नाही.

हे तुम्हाला कळवू नये असं ह्यांचं मत होतं. पुरता बरा झाल्यावर हसत सांगू म्हणत होते. मला ते पटलं नाही. नानकटाई ह्यांनी चारली, पण त्याला गोडाची चटक लावली ती मी.

तुम्हाला पाठवलेल्या डब्यात काय गेलं असेल, ते तुम्हाला आता कळलंच असेल. विहीणबाईंची क्षमा कोणत्या तोंडानं मागू? तुमचीही.

सुमती


प्रभादेवी, ५ नोव्हेंबर १९५६

ती. बेबीवन्सं यांस,

तुमचं एक तारखेचं पत्र आज हाती पडलं. वाटेत माझ्या पत्राला ओलांडून आलं असणार. वीस वर्षं ज्या कौतुकाची वाट पाहिली ते आलं, आणि आलं ते कुत्र्याच्या बिस्किटाचं! परत घेतलंत तरी चालेल. मी एकदा वाचून घेतलंय.

मी कुणाचं पथ्य लक्षात ठेवलं नव्हतं, वन्सं. ते सगळं सुभेदारासाठी होतं.

काल त्यानं शेपूट हलवलं. सुभेदार बरा आहे.

सुमती


इंदूर, ९ नोव्हेंबर १९५६

सौ. सुमतीवहिनींस,
बेबीचा सप्रेम नमस्कार.

तुमचं दोन तारखेचं पत्र वाचताना ‘मागचे पाय उचलवत नव्हते’ इथे मी थांबले. पुढचं वाचवेना. तुम्ही वर आधीच लिहिलं होतं की तो उभा राहतोय, तरीही. मग उठून पिशवीत लुगडी भरली. मनात म्हटलं, जाऊन त्याला घेऊन येते, आणि पुन्हा त्या घरात पाऊल टाकणार नाही. तुमच्यावर आणि दादावर इतकी रागावले होते की नलूनं हाक मारली ती ऐकूच आली नाही.

नलूनं पत्र उचललं आणि मोठ्यानं वाचायला घेतलं. विहीणबाई समोर बसून बिस्किट खात होत्या. सोड्यांचा उलगडा झाला तेव्हा अर्धं हातात, अर्धं तोंडात. बाईंनी तोंडातलं चावून संपवलं, मग हातातलंही खाल्लं. पाणी प्यायल्या. म्हणाल्या, ‘चार वर्षं झाली पथ्याला. घरात दोन सुना, लग्न झालेली मुलगी. माझ्यापुरतं वेगळं काही करावं असं कुणाला सुचलं नाही. तुमच्या वहिनीनं कुत्र्यासाठी केलं. मग कुत्र्याच्या पंगतीला बसायची मला कसली लाज?’ त्यांना आणखी दोन डबे हवेत. चिमूटभर मिरपूड घाला म्हणतात. त्या हसल्या आणि मग मलाही हसू आवरेना. रडतही होते. कशासाठी कोणतं, ते मला सांगता येणार नाही.

कौतुक मी परत घेत नाही. मला ते बिस्किट आवडलं, कुणासाठी का केलेलं असेना.

पिशवी रिकामी केली. नलूचे डॉक्टर मला संक्रांतीपर्यंत थांबा म्हणतात. सुभेदाराला तोवर कुठे ठेवायचं, याचा दोन दिवस विचार केला. गिरगावातल्या शेजारणीला लिहायला घेतलं होतं, ते फाडून टाकलं. वहिनी, मी इतक्या लांब. तुम्ही काहीच कळवलं नसतंत तर मला कधी कळलं असतं? दादा म्हणत होता तसं सगळं लपवता आलं असतं. याआधी तुमच्या पत्रात ‘सुभेदार बरा आहे’ वाचलं की मी ते कधी खरं धरलं नाही. पाच तारखेच्या पत्रात वाचलं आणि त्या रात्री मला झोप लागली.

तो तुमच्याकडेच राहू दे. औषध संपलं की पुन्हा एकदा परळला दाखवून आणा. दादाच्या हातात एकही डबा देऊ नका.

वीरेंद्र सांगत होता, तुम्ही सुभेदाराला ‘बाळा’ अशी हाक मारता आणि माणसं आली की सुभेदार म्हणता. हेही त्याला घरात कुणी नसलं की बाळाच म्हणायचे. ते गेल्यापासून माझ्या तोंडून तो शब्द निघत नाही. तुम्ही म्हणत जा. माणसं असली तरी म्हणा.

तुमची,
बेबी